वाऱ्याची दिशा पाहून फवारावे

४ फेब्रुवारी, मंगळवार. जेवणानंतर.

काल जे घडलं ते शांत डोक्याने नोंदवून ठेवायला हवं. कालच लिहिणार होतो, पण पांघरुणातून बाहेर पडवेना. थंडी होती.

घटना अशी. हिचं, म्हणजे बायकोचं, कपड्यांच्या आल्टरेशनचं दुकान आहे. संध्याकाळी बंद होतं. मी फॅक्टरीच्या बसने कोपऱ्यावर उतरतो, दुकानाशी जातो आणि आम्ही दोघं पार्किंगच्या मागच्या गल्लीतून घरी येतो. वर्षानुवर्षांचा क्रम. काल गल्लीच्या मध्यावर एक माणूस समोरून आला आणि त्याने हिच्या पर्सला हात घातला.

मी तत्क्षणी परिस्थितीचा आढावा घेतला आणि मदत आणायला गेलो.

दोघांनीही तिथेच अडकून पडण्यात अर्थ नव्हता. एकाने बाहेर जाऊन मदत मिळवायची, हे कुठल्याही सेफ्टी मॅन्युअलमध्ये असतं. मला माहीत आहे, कारण मी एका पुठ्ठ्याच्या फॅक्टरीचा सेफ्टी ऑफिसर आहे आणि लोकांना हेच शिकवतो. भिंतीवर पोस्टर आहे माझं: ‘संकटात शांत राहा’. मी शांत होतो. फक्त वेगात होतो.

मी परत आलो तोवर (मदत प्रत्यक्षात मिळाली नाही, पण तो मुद्दा वेगळा) माणूस पळाला होता. पर्स हिच्याच हातात. पट्टा तुटलेला. हिला खरचटलंसुद्धा नाही. फक्त आवाज पार बसलाय. ओरडल्यामुळे.

घरी येईपर्यंत ही एक शब्द बोलली नाही. धक्का बसला असणार. आजही नाही. म्हणजे ‘गिझर बंद करा’ आणि ‘टॉवेल वाळत टाका’ एवढं बोलली. त्या विषयावर नाही.

निश्चय: असा प्रसंग पुन्हा आला तर मी तयार असेन. पेपर स्प्रे घ्यायचा. उद्याच.

५ फेब्रुवारी, बुधवार.

आज जमलं नाही. मीटिंग.

सकाळी बसमध्ये शेजारी स्टोअरकीपर होता. त्याला सहज सांगितलं की परवा आमच्यावर हल्ला झाला. तो म्हणाला, ‘मग तुम्ही काय केलंत?’ मी म्हणालो, जे करायला हवं होतं ते केलं. यात खोटं काही नाही. त्याने त्याचा काय तो अर्थ काढला. दुपारी कँटीनमध्ये गेलो तर हल्लेखोर दोन झाले होते आणि त्यातल्या एकाला मी भिंतीवर आपटलं होतं. मी दुरुस्ती करणारच होतो, पण तोंडात घास होता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

पेपर स्प्रे हा विषय दिसतो तितका सोपा नाही. लोक उठतात आणि घेऊन येतात. अशाच लोकांमुळे अपघात होतात.

तीन प्रकार असतात. एक धुक्यासारखा पसरतो. दुसऱ्याची पिचकारीसारखी सरळ धार जाते. तिसरा जेल, चिकट, जिथे लागेल तिथे बसतो. धुक्याला नेम लागत नाही, पण वारा उलटा असेल तर आपणच रडतो. धारेला वारा फारसा बाधत नाही, पण नेम हवा, आणि माझा चष्मा धाप लागली की वाफाळतो. जेल सगळ्यात उत्तम म्हणतात, पण तो नेमका चेहऱ्यावर लागायला हवा, आणि हल्लेखोर चेहरा स्थिर ठेवेल याची खात्री कोण देणार?

शिवाय टोपणाचे प्रकार. वरून उघडणारं, फिरवायचं, खटका असलेलं. शिवाय एक्स्पायरी. शिवाय रंग. गुलाबी नको.

हिला विचारलं, तुला कुठला सोयीचा वाटतो. ही घोगऱ्या आवाजात म्हणाली, कशाला हवाय? मी म्हणालो, तुझ्या संरक्षणासाठी. हिने माझ्याकडे बघितलं. मग भाजी निवडायला घेतली.

धक्क्यातून सावरायला वेळ लागतो. मी समजून घेतोय.

८ फेब्रुवारी, शनिवार.

मुलीचा फोन. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असते. हिने तिला काय सांगितलं, कुणास ठाऊक. मी तिला जेल आणि धार यांतला फरक समजावत होतो तर मध्येच म्हणाली, ‘बाबा, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतो. घे आणि टाक आईच्या पर्समध्ये. इतकं काय त्यात?’

मी सांगितलं, कोपऱ्यावरचं मेडिकल या कामासाठी योग्य नाही. व्हरायटी नसते. त्या केमिस्टला बोलायची फार सवय आहे. त्या दुकानात मी सध्या जाणार नाही.

मग तिने विचारलं, ‘आणि तू नक्की कुठे होतास रे?’ नेमकी त्याच वेळी रेंज गेली. म्हणजे माझ्या बाजूने गेली.

१० फेब्रुवारी, सोमवार.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पॅकिंग विभागातल्या सेकंड शिफ्टच्या बायकांनी तक्रार केली आहे. फॅक्टरीच्या गेटपासून बसस्टॉपपर्यंतचा रस्ता सुनसान आहे, टवाळखोर उभे असतात. मॅनेजमेंटला त्यांच्यासाठी स्वसंरक्षणाचं एक सेशन ठेवायचं आहे. साहेब म्हणाले, तुमच्यापेक्षा योग्य माणूस कोण? दोघांना लोळवलंत म्हणे.

मी संकोचून म्हणालो, दोघं नव्हते साहेब.

साहेब म्हणाले, बाप रे. तीन?

त्यांचा फोन वाजला. मी उठलो.

एका दृष्टीने बरंच झालं. एक फार मोठी जबाबदारी माझ्यावर आली आहे आणि त्यासाठी स्प्रेची निवड शास्त्रशुद्ध व्हायलाच हवी. घाई करून चालणार नाही.

ता.क. गेल्या आठवड्यापासून संध्याकाळी दुकानाशी जाणं जमलेलं नाही. हल्ली मी बसने पुढच्या स्टॉपपर्यंत जातो, तिथून मेन रोडने घर जवळ पडतं. (थोडं लांब पडतं, पण चालणं होतं.) ही गल्लीतून एकटीच येते. मला तिची सारखी काळजी वाटते. म्हणूनच स्प्रेचा निर्णय लवकर व्हायला हवा.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

हाफ डे टाकून पलीकडच्या मार्केटमधल्या सिक्युरिटीच्या सामानाच्या दुकानात गेलो. कुलुपं, कॅमेरे, हातकड्यासुद्धा. दुकानदार जाडा आणि बेफिकीर. मी विचारलं, सगळ्यात विश्वासार्ह कुठला? तो म्हणाला, कोण वापरणार? मी म्हणालो, मी. तो म्हणाला, कधी वापरलाय? मी म्हणालो, प्रसंग आला होता, पण तेव्हा जवळ नव्हता. तो म्हणाला, मग तेव्हा काय केलंत?

हा प्रश्न लोकांना इतका का पडतो, कळत नाही. गिऱ्हाइकाशी बोलायची ही पद्धत नाही. मी ताडकन उठलो. पण रिकाम्या हाताने बाहेर पडणं बरं दिसेना, म्हणून एक शिट्टी घेतली आणि पट्ट्याला अडकवायचं स्प्रेचं चामडी कव्हर घेतलं. कव्हर उत्तम आहे. त्यात काय ठेवायचं ते यथावकाश ठरेल.

शिट्टी हिला दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. म्हणाली, ओरडता येतं मला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

प्रगती! ही आज आपणहून त्या विषयावर बोलली.

मी पट्ट्याला रिकामं कव्हर लावून झटकन हात नेण्याचा सराव करत होतो. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. खाली मान घालूनच म्हणाली, ‘अहो, थांबायला हवं होतं तिथे.’

एवढंच म्हणाली. पण केवढी सूचक गोष्ट आहे! मी इतके दिवस वारा आणि टोपणं यांत अडकलो होतो. खरा निकष हिने एका वाक्यात सांगितला. थांबायला हवं होतं. त्या माणसाने. समोरचा जिथल्या तिथे थांबला पाहिजे, हेच तर स्प्रेचं काम! लगेच मोबाइल काढला आणि समोरच्याला जागीच खिळवून ठेवणारा, सगळ्यात जहाल स्प्रे ऑर्डर केला. धारेचा. सोबत सरावासाठी नुसतं पाणी भरलेला तसाच एक डबा फुकट.

हिला सांगितलं, तुझं म्हणणं मी अमलात आणलं. ही घडी घालता घालता थांबली. मग आत गेली.

१६ फेब्रुवारी, रविवार.

माल आला. दोन डबे, सारखेच. खऱ्याला लाल टोपण, सरावाच्या डब्याला निळं.

खटका अंगठ्याने सरकवायचा असतो. सरकला नाही. नखाने प्रयत्न केला, नख मोडलं. मग दाताने. हिने डबा माझ्या तोंडातून काढून घेतला, अंगठ्याने खटका सरकवला आणि परत दिला. शिवणकामामुळे तिची बोटं तयार आहेत. तो काही निकष होऊ शकत नाही.

मग बाल्कनीत सराव. कुंडी हा हल्लेखोर. पहिला फवारा वाऱ्यामुळे माझ्याच चष्म्यावर. दुसऱ्या फवाऱ्याला वाऱ्याकडे पाठ केली, पण मग कुंडीकडेही पाठ झाली. तिसरा खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या चादरीवर. त्यांनी वर बघून विचारलं, पाणी कुठून येतंय? मी खाली बसलो.

एक अडचण झाली. निळं टोपण कठड्यावरून खाली पडलं. आता सरावाच्या डब्याला टोपण नाही. काही हरकत नाही, दोन्ही डबे मला ओळखू येतात.

१७ फेब्रुवारी, सोमवार. चिडचिड. सकाळपासूनच.

हिचा घसा अजून बरा होत नाही. आज रजाच टाकून मी तिला डॉक्टरकडे नेलं. येताना ही म्हणाली, कोपऱ्यावरून गोळ्या घेऊ. मी म्हणालो, पुढच्या चौकातून घेऊ. ही म्हणाली, पुढच्या चौकातून का? मी म्हणालो, तिथे गर्दी नसते. कोपऱ्यावरही नव्हती.

केमिस्टने मला बघितलं आणि चेहरा खुलला त्याचा. ‘काय काका, कसा आहे खोकला?’

मी म्हणालो, बरा आहे.

तो हिला सांगायला लागला. कुणी विचारलं नव्हतं. ‘अहो, त्या दिवशी काका असे धापा टाकत आले, मला वाटलं काय झालं! विचारलं, काय देऊ? तर म्हणाले, खोकल्याच्या गोळ्या. लिंबाच्या देऊ की आल्याच्या, तर ठरेचना त्यांचं. त्यात मागे कुठे तरी कोण ओरडत होतं, ऐकूसुद्धा येईना नीट.’

मी समोरच्या बरण्या मोजायला लागलो.

ही म्हणाली, ‘कुठल्या घेतल्या मग?’

केमिस्ट म्हणाला, ‘लिंबाच्या.’

हे सगळं ऐकताना कसंतरी वाटतं हे मान्य. पण वस्तुस्थिती समजून घेतली पाहिजे. मी मदतच मागायला गेलो होतो. पण संकटात माणसाचा आवाज बंद पडतो, हे शास्त्र आहे. त्यात तो म्हणाला, काय देऊ? आता ‘काय देऊ’ला ‘मदत’ हे उत्तर दुकानात कसं द्यायचं? समोर बरण्या होत्या. तोंडातून जे निघालं ते निघालं. त्याने वेगळा प्रश्न विचारला असता तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं.

बाहेर पडल्यावर ही गल्लीच्या दिशेने वळली. मी म्हणालो, मला मेन रोडवर एक काम आहे. ही म्हणाली, असेल. आणि गेली. मी घरी पोचलो तेव्हा तिचा चहा पिऊन झाला होता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

तिला लिंबाच्या गोळ्या नेऊन दिल्या. त्याच पाकिटातल्या. म्हणजे वाया जायला नकोत. तिने घेतल्या नाहीत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

आता काय म्हणावं या एचआरच्या मॅडमना! सेशन सोमवारी. मी स्लाइड्स तयार केल्या, वाऱ्याच्या दिशेचे बाण काढले, सगळं चोख. आणि आज दुपारी मॅडम हसत हसत सांगतात, सर, तुमच्या मिसेसना पण बोलावलंय, बायकांना प्रत्यक्ष अनुभव ऐकायला आवडेल, मी परस्पर फोन केला, सरप्राइज!

मी म्हणालो, तिला बोलता येत नाही, आवाज बसलाय. मॅडम म्हणाल्या, त्या तर लगेच हो म्हणाल्या.

घरी आल्यावर हिला समजावलं. फॅक्टरीत धूळ असते. आवाज असतो. खुर्च्या चांगल्या नसतात. लोक काहीबाही वाढवून बोलतात, ते मनावर घ्यायचं नसतं. हिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘मला ऐकायचंय, तुम्ही काय सांगता ते.’

मी काय सांगतो! मी कधीच काही सांगितलेलं नाही. लोकांनी आपलं आपणच सांगून घेतलं आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार.

स्लाइड्समध्ये बदल. ‘माझा अनुभव’ ही स्लाइड काढून त्या जागी अग्निशामक यंत्राचं चित्र टाकलं.

सरावाच्या डब्याला टोपण नसलेलं बरं दिसेना, म्हणून खऱ्याचं लाल टोपण त्याला लावलं. रुबाबदार दिसतं. खरा डबा तसाच बॅगेत ठेवला. दाखवायला असावा.

२४ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळ.

डोळे अजून चुरचुरतात. तरी लिहितो.

कँटीन पूर्ण भरलं होतं. पॅकिंगच्या सगळ्या बायका, साहेब पुढच्या रांगेत, मॅडमच्या हातात माइक. ही पहिल्या रांगेत टोकाला, मांडीवर तीच पर्स. नवीन पट्टा शिवून घेतलाय. मजबूत.

मॅडमनी माझी ओळख करून दिली. तीन हल्लेखोर. निधडी छाती. पत्नीच्या केसालाही धक्का लागू दिला नाही. टाळ्या. मी हात वर करून थांबवत होतो, पण लोकांना वाटलं मी नमस्कार करतोय. हिच्याकडे मी बघितलं नाही. प्रोजेक्टर नीट करत होतो.

मग मॅडमनी माइक हिच्यापुढे धरला. म्हणाल्या, नेमकं काय झालं ते तुमच्या तोंडून ऐकू द्या.

मी वर पंख्याकडे बघत राहिलो.

ही उभी राहिली. आवाज अजून फाटलेला, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात होता. म्हणाली, ‘एकच माणूस होता. त्याने पर्स ओढली. मी सोडली नाही. आत माझी मोठी कात्री होती, लग्नाआधीपासूनची, ती कशी सोडणार? मी ओरडले. माझ्या गळ्यातून असा आवाज निघू शकतो, हे मलाच माहीत नव्हतं. तोच घाबरला. खरं सांगायचं तर मीही घाबरले माझ्या आवाजाला.’

बायका हसल्या. एकीने विचारलं, आणि सर?

हिने पाण्याचा घोट घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, ‘हे मदत आणायला गेले होते.’

पुन्हा टाळ्या. जरा वेगळ्या, पण टाळ्याच. मीही वाजवल्या. म्हणजे हिनेच सर्वांसमोर दुजोरा दिला. पहिल्या दिवसापासून मी जे म्हणतोय तेच. मग एवढं ओशाळल्यासारखं का वाटावं? कळत नाही. लक्ष त्यातच होतं. त्यामुळेच पुढचं घडलं.

प्रात्यक्षिक. बॅगेत हात घातला. लाल टोपण बॅगेतच निसटलं असावं. दोन डबे हाताला लागले, सारखेच. उत्पादकाने डबे इतके सारखे करताच कामा नयेत. यावर तक्रार करणार आहे. मी म्हणालो, घाबरू नका, हे फक्त पाणी आहे. पंख्याखाली उभा होतो. खटका या वेळी मात्र पहिल्या झटक्यात सरकला.

पाणी नव्हतं.

पुढचं फार स्पष्ट दिसलं नाही. खोकला, खुर्च्या पडल्याचे आवाज, कुणीतरी फायर अलार्म दाबला. मी तत्क्षणी परिस्थितीचा आढावा घेतला आणि बाहेरच्या असेंब्ली पॉइंटकडे निघालो. मार्ग दाखवायला कुणीतरी पुढे असावंच लागतं. मी सर्वांत आधी पोचलो. बोर्डाखाली उभा राहिलो. बाकीचे यायला बराच वेळ लागला, कारण आत एक मुलगी टेबलाखाली बसली होती आणि तिला श्वास घेता येत नव्हता. हिने तिला उचललं. पदराने तिचं तोंड झाकून, ओरडून ओरडून बाकीच्यांना दार कुठे आहे ते सांगत, तिला घेऊन ही सगळ्यात शेवटी बाहेर आली. हिचे डोळे लालभडक.

मुलगी आता ठीक आहे. थंड पाण्याने डोळे धुतले सगळ्यांचे. चोळू नका असं मी लांबून सांगत होतो.

साहेब माझ्याजवळ आले. म्हणाले, ‘लोकांना बाहेर काढायचं असतं हो. आपण जायचं नसतं.’

संपूर्ण कँटीन अपूर्व वेगाने रिकामं झालं, हे कुणीही लक्षात घेतलं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.

मॅडमचा मेल. सेशनबद्दल बायकांचा अभिप्राय उत्तम आहे. त्यांना पुढचं सेशन हवं आहे. माझं नव्हे, हिचं. ओरडायचं कसं, ते शिकायचं आहे म्हणे. मला पुढचे काही दिवस अग्निशामक यंत्रांवर तारखांचे स्टिकर लावायला सांगितलं आहे. मी तेही मनापासून करणार. त्याही कामाला कौशल्य लागतं.

संध्याकाळी हिचे डोळे बघायला गेलो. म्हणालो, अजून झोंबतंय का? ही आरशासमोर पाण्याचे हबके मारत होती. म्हणाली, ‘परत पळालात तुम्ही.’

या वाक्याचा दुसरा अर्थ शोधतोय. अजून सापडला नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.

स्टिकर. दिवसभर स्टिकर.

दोन्ही डबे कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवले. जेल घेतला असता तर पंख्यामुळे पसरला नसता. हे खरं आहे. पण आज ते लिहूनही बरं वाटलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.

आज जुन्या स्टॉपवर उतरलो. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. मग आठवलं, टूथपेस्ट संपली आहे. मेन रोडने आलो. घरी टूथपेस्ट होती. आता दोन आहेत.

३ मार्च, सोमवार. जेवणानंतर.

जुन्या स्टॉपवर उतरलो. खरा डबा खिशात, खटका मोकळा. ठरवलं होतं: दुकानाशी जायचं, हिला घ्यायचं आणि गल्लीतून घरी आणायचं. साधी गोष्ट. हजार वेळा केलेली.

दुकानाच्या आधी गल्लीचं तोंड लागतं. तिथे पाय थबकले. आत नेहमीचंच होतं सगळं: पार्किंगची भिंत, एका दिव्याचा पिवळा उजेड, कुणाची तरी सायकल. एक माणूस आतून आला. हातात अंड्यांचा ट्रे. मी भिंतीला पाठ लावून त्याला वाट दिली आणि वर ‘सॉरी’ म्हणालो. तो म्हणाला, काय झालं काका, काही हवंय का? या वेळीही काही सुचलं नाही.

किती वेळ उभा होतो, माहीत नाही. ही दुकान बंद करून आली. मला बघून थांबली. म्हणाली, ‘इथे काय करताय?’

म्हणालो, तुला न्यायला आलोय.

‘दुकान तिकडे आहे.’

म्हणालो, माहीत आहे.

हिने गल्लीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या खिशातल्या हाताकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, ‘त्या दिवसापासून एकदाही आला नाहीत ना इकडून?’

मी म्हणालो, फेब्रुवारी छोटा महिना असतो.

आणि ही हसली. अजून तसाच फाटका आवाज. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. स्प्रेचा परिणाम म्हणावा तर तो कधीच ओसरला होता. काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणून टाकलं, मला फार भीती वाटते गं. म्हणायचं नव्हतं. तोंडातून जे निघालं ते निघालं.

ही म्हणाली, ‘मलाही वाटते. रोज वाटते. चला.’ आणि माझा दंड धरला. ‘तो डबा खिशातच राहू दे. काढू नका, हात जोडते.’

निघालो. मध्यावर मागून पावलं ऐकू आली. माझं एक पाऊल आपोआप पुढे झेपावलं. पण दंड तिच्या मुठीत होता, त्यामुळे बाकीचा मी तिथेच राहिलो. फोनवर बोलत एक जण बाजूने निघून गेला. त्याने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गल्ली मला आठवत होती त्यापेक्षा पुष्कळ आखूड आहे.

घरी आल्यावर हिने चहा टाकला. दंडावर तिच्या बोटांचे वळ उठलेत. तयार बोटं.

पुढची व्यवस्था ठरली. उद्यापासून संध्याकाळी आम्ही पूर्वीसारखे गल्लीतूनच येणार. थोडा बदल आहे. मी तिला न्यायला दुकानाशी जाणार नाही. मी स्टॉपवर उतरून केमिस्टच्या पायरीवर उभं राहायचं. ती मला न्यायला येणार आहे.